दोन तासांची मुभा

‘चहा नको’ हे दोन शब्द एखाद्या मराठी घरात दुपारी चारच्या सुमारास उच्चारून पाहावेत, म्हणजे आपल्या आतिथ्यधर्माचे खरे स्वरूप ध्यानात येते. गेल्या वैशाखात एका मावसबहिणीच्या घरी, ओट्यावर आधण चढलेले असताना आणि त्यात गवती चहाची पात पडलेली असताना, मी ते उच्चारले. आणि पुढली दहा मिनिटे माझी जी उलटतपासणी झाली तशी फौजदारी मामल्यातल्या फितूर साक्षीदाराचीही होत नसेल. ‘साखर निघाली का रे?’ हा पहिला प्रश्न. ती निघाली नाही असे कळल्यावर ‘मग पित्त?’ हा दुसरा. तेही नाही म्हटल्यावर कॉफी, कोकम सरबत, ‘निदान ताक तरी घे, घरचंच आहे’ अशा पायऱ्या उतरत उतरत ती माउली जेव्हा ताटलीत बेसनाचा लाडू घेऊन समोर उभी राहिली, तेव्हा निरुपाय होऊन मी दातांवरची पारदर्शक पट्टी नखाने सोडवून तिला दाखवली. तिने ती चष्मा लावून निरखली आणि म्हणाली, ‘अरे, मग काढून पी की! निघते तर आहे.’

प्रश्न इतका सरळ होता की त्यावर मला उत्तर सुचले नाही, आणि मी चहा घेतला. ते उत्तर सावकाशीने येथे देण्याचे योजिले आहे; कारण ही पट्टी लावणाऱ्यांची संख्या दिवसेंदिवस वाढत असून त्यांच्यापैकी प्रत्येकाला अशी एक मावसबहीण असणार, याविषयी मला शंका नाही.

चौपन्नाव्या वर्षी दात सरळ करून घेण्याचा उपद्व्याप मी हौसेने केलेला नाही. खालचे पुढचे दात वयपरत्वे एकमेकांच्या अंगावर चढू लागले, त्यांच्या खाचांत अन्न अडकू लागले, हिरड्या सुजू लागल्या, आणि दंतवैद्यांनी तारा किंवा अलायनर यांपैकी एकाची निवड करण्यास सांगितले. तारांचा प्रकार बहुतेकांच्या परिचयाचा आहे. अलायनर, म्हणजे हीच पारदर्शक पट्टी, त्या मानाने नवा. रबराच्या एकसंध साच्याने दात थोडेफार सरकवता येतात हे केस्लिंग नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने १९४५ सालीच मांडले होते, परंतु प्रत्येक टप्प्याचा वेगळा साचा संगणकावर आखून त्यावर पातळ प्लॅस्टिकचे कवच बसवण्याचा उद्योग स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकलेल्या झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ या दोघांनी १९९७ साली कॅलिफोर्नियात उभा केला. चिश्ती यांचे बालपण लाहोरात गेले. तेव्हा चहाची महती त्यांना ठाऊक नसेल असे म्हणवत नाही, पण यंत्राच्या रचनेत त्या ज्ञानाचा काही उपयोग झालेला दिसत नाही.

या पट्टीचे कार्य समजल्यावाचून तिच्या पथ्याचे मर्म समजत नाही. दात हा जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. बारीक तंतूंच्या झोळीत तो टांगलेला असतो. त्याच्यावर सौम्य परंतु अखंड दाब राहिला म्हणजे दाबाच्या बाजूचे हाड हळूहळू विरत जाते आणि मागे सुटलेल्या जागेत नवे हाड भरून येते. अलायनरचा एक जोड दाताला सुमारे पाव मिलिमीटर पुढे नेतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढला जोड लावायचा असतो. माझे एकंदर अठ्ठावीस जोड आहेत. येथे सर्व भर ‘अखंड’ या शब्दावर आहे. दाब वारंवार तुटला की दात मागे रेंगाळतो, पुढला जोड नीट बसत नाही, आणि ठरलेल्या मुदतीचा सगळा कागद रद्द होतो. म्हणून दिवसाच्या चोवीस तासांपैकी बावीस तास पट्टी दातांवर असावी, ती असताना साध्या पाण्याखेरीज काही घेऊ नये, आणि खाणेपिणे ती काढूनच करावे, अशी सक्त ताकीद असते.

‘हवे ते खा’ अशी या उपचाराची जाहिरात होते, आणि ती अक्षरशः खरी आहे. तारा लावलेल्याला ऊस, पेरू, चिक्की, कडक चकली, मक्याचे कणीस या सर्वांवर पाणी सोडावे लागते. पट्टीवाल्याला, ती काढल्यावर, यांतले बहुतेक मोकळे असते. (नव्या जोडाचे पहिले दोन दिवस दात इतके हुळहुळतात की मऊ भाताखेरीज कशाची इच्छाच होत नाही, ही गोष्ट वेगळी.) पण जी मनाई पदार्थाला नाही ती वेळेला आहे, हे जाहिरातीत कोठे छापत नाहीत.

या वेळेचा जमाखर्च मी कारकुनी इमानाने मांडून पाहिला. जमेस दोन तास, म्हणजे एकशेवीस मिनिटे. पैकी न्याहारी वीस, दुपारचे जेवण तीस, रात्रीचे तीस, मिळून ऐंशी खर्ची. प्रत्येक वेळी खाऊन झाल्यावर चूळ भरणे, दात घासणे, पट्टी धुणे आणि ती दाबून बसवणे यांस आठ मिनिटे धरली तर आणखी चोवीस. शिल्लक सोळा. आता एक चहा म्हणजे, हात धुऊन पट्टी काढली, ती डबीत ठेवली, चहा निवेपर्यंत थांबलो, बशीत ओतला, चार शब्द बोललो, चूळ भरली, पट्टी लावली, असा पंधरा मिनिटांचा मामला आहे. म्हणजे दिवसाकाठी चहा एक, आणि हाती मिनिटही एकच. परंतु आपल्या मध्यमवर्गीय गृहस्थाचा दिवस एका चहाचा कधीच नव्हता. उठल्याबरोबर एक, वर्तमानपत्राबरोबर अर्धा, कचेरीत अकराला एक, चारला एक, आणि संध्याकाळी कोणी आले किंवा आपण कोणाकडे गेलो तर एक, असा हा नित्यक्रम. त्याखेरीज शेंगदाणे, फुटाणे, चिवड्याची चिमूट, जेवणानंतरची बडीशेप, पानसुपारी हे किरकोळ खर्च वेगळेच, आणि ते कोणीही वहीत मांडत नाही. पट्टी लावल्यावर पहिल्या आठवड्यात माझी मलाच ओळख पटली ती अशी, की मी तीन वेळा जेवणारा मनुष्य नसून दिवसभर चरणारा प्राणी आहे.

मावसबहिणीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यात आले: काढून पिता येते, पण काढण्याची मुभा केव्हाच संपलेली असते. उरलेले अर्धे उत्तर त्या पळवाटेविषयी आहे जी हा जमाखर्च जुळेना म्हणजे प्रत्येकाला सुचते, मलाही सुचली, आणि जिच्याविषयी माझे मत कडक आहे. ती पळवाट म्हणजे पट्टी न काढताच चहा पिणे.

साखरेचा घोट तोंडात गेला की दातांवरच्या थरातले जीवाणू काही मिनिटांतच तिचे आम्ल करू लागतात. आम्लतेचे जे माप शास्त्रज्ञ वापरतात ते साधारण साडेपाचाच्या खाली उतरले म्हणजे दाताचे वरचे कवच, म्हणजे दंतवल्क, ज्याच्याइतका कठीण पदार्थ मानवी शरीरात दुसरा नाही, तेदेखील विरघळू लागते. यावर निसर्गाने ठेवलेला बंदोबस्त म्हणजे लाळ: ती साखर धुऊन नेते, आम्ल शमवते, आणि गेलेला कॅल्शियम-फॉस्फेटचा अंश अर्ध्यापाऊण तासात परत आणून देऊ लागते. आता पट्टी लावलेली असताना चहा घेतला म्हणजे काय होते? चहा पातळ, तो कडेने आत शिरतो. लाळ मात्र पट्टीबाहेरच राहते, कारण त्या इवल्याशा जागेत तिचा ओघ पोचत नाही. चोर आत आणि पहारेकरी कुलपाबाहेर, अशी ही व्यवस्था. पुण्याच्या अमृततुल्यातला तो दाट, गोड, वेलदोड्याचा चहा दातांना तासन्‌तास लेप देऊन ठेवावा, असाच तो प्रकार होतो. काही महिन्यांनी पट्ट्या संपतात, दात शिस्तीत उभे राहिलेले असतात, आणि त्यांच्यावर खडूसारखे पांढरे ठिपके उमटलेले असतात. वाकडे पण धडधाकट दात देऊन सरळ आणि किडके दात घेण्याचा हा सौदा इतका खुळेपणाचा आहे की तो शुद्धीवर असलेल्या माणसाने करू नये. तरी तो होतो, कारण चहा हा आपल्याकडे खाण्यात धरतच नाहीत. ‘काही खाल्लं नाही, नुसता चहा घेतला,’ असे आपण उपवासाच्या दिवशीही निर्वेधपणे सांगतो.

शिवाय चहा गरम असतो. ही पट्टी बनते तीच मुळी प्लॅस्टिकचा पत्रा उष्णतेने मऊ करून साच्यावर दाबून. त्यामुळे उष्णतेनेच तिचा आकार ढळण्याचा धोका राहतो, आणि म्हणूनच ती कढत पाण्याने धुऊ नये असे सांगतात. बिनसाखरेच्या चहाने किडीचे भय कमी होते, पण उष्णता आणि डाग ही दोन कलमे कायम राहतात. ताक, कोकम, लिंबू सरबत आंबट. उसाचा रस आणि शहाळे गोड. बाटलीतली थंड पेये आंबट आणि गोड दोन्ही, म्हणजे सर्वांत वाईट. सगळी चर्चा करून शेवटी उरते ते पाणी.

जेवणानंतर चूळ भरण्याची आपल्याकडची सवय येथे चांगली कामास येते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’तील दिनचर्येत दातवण सकाळी आणि जेवणानंतरही करावे असे सांगितले आहे; दातवण मागे पडले, निदान चूळ तरी आपण अलीकडेपर्यंत राखली होती, आणि हात धुण्याच्या मोरीवर खळखळून चुळा भरणाऱ्या वडीलमंडळींना आम्ही तरुणपणी हसत असू. आता कचेरीतल्या बेसिनपाशी डबी, ब्रश आणि पट्टी अशा सरंजामानिशी मी उभा राहतो तेव्हा तरुण सहकारी मला हसतात.

हळदीचे प्रकरण स्वतंत्र आहे. माझ्या हाती जे छापील सूचनापत्रक पडले त्यात कॉफी, रेड वाइन आणि कसल्याशा परदेशी बोरांपासून सावध राहण्यास बजावले होते. वाइन मी घेत नाही आणि ती बोरे मी पाहिलेली नाहीत. ज्या एका पदार्थाने माझ्या दातांचा रंग पालटला त्याचे नाव त्या पत्रकात नव्हते. पट्टी नीट पकड घ्यावी म्हणून काही दातांवर दाताच्याच रंगाचे बारीक उंचवटे चिकटवतात. अटॅचमेंट म्हणतात त्यांना. हळदीतले रंगद्रव्य पाण्यापेक्षा तेलात अधिक विरघळते, म्हणून फोडणीत उतरलेला तो रंग रश्श्याच्या तवंगावर बसून या उंचवट्यांवर आणि, दात न घासता पट्टी लावली तर, पट्टीच्या आतल्या अंगावर जाऊन ठाण मांडतो. कोल्हापूरकडच्या एका लग्नाहून परतल्यावर माझ्या पुढच्या चार दातांवर चार पिवळे टिकले होते आणि घरच्या मंडळींनी मला आठवडाभर ‘हळद लागलेला नवरदेव’ म्हणून घेतले. धुतलेल्या धोतरावरचा हळदीचा डाग उन्हात वाळवला की उडतो, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते. पण तोंड वासून गच्चीवर बसण्याची सोय माणसाला नसते.

त्याच लग्नात दुसराही अनर्थ घडला. पंगतीत बसताना डबी गाडीत राहिल्याचे ध्यानात आले, तेव्हा पट्टीचा जोड मी कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवला. मसालेभात, अळूची भाजी, जिलबी असा बेत होता. शेजारी बसलेल्या मामांनी आग्रहाची दुसरी जिलबी वाढवली. आणि आम्ही हात धुऊन परत येईपर्यंत कार्यालयातल्या चपळ पोरांनी टेबलावरचा कागद, उष्ट्यासकट, ताटाबाहेरच्या सर्व चीजवस्तूंसकट, सतरंजीसारखा गुंडाळून नेला होता. मी आणि वधूपक्षाकडचे दोन सज्जन अर्धा तास मागच्या पिंपात हात घालून उभे होतो. जोड सापडला नाही. दंतवैद्यांनी आधीच्या जोडावर परत जाण्यास सांगितले, पुढला येईपर्यंत बारा दिवस गेले, आणि माझी मुदत तितकी लांबली. दोष अर्थातच माझा. तरी त्या दिवसापासून मी डबी गाडीत न ठेवता सदऱ्याच्या खिशात ठेवतो, आणि कागदी रुमाल दिसला की अंगावर काटा येतो.

ही सगळी हकीगत सांगण्याचा हेतू विनोद नाही. माझी तक्रार अशी आहे की उपचार येथे होतो आणि पथ्य मात्र परक्या ताटावरचे सांगितले जाते. दातांचा साचा घेण्यापूर्वी दंतवैद्याने रोग्याच्या चार दिवसांच्या खाण्यापिण्याची रोजनिशी मागवली पाहिजे, तीत प्रत्येक कप चहा, प्रत्येक चिमूट बडीशेप, तंबाखू-सुपारी असल्यास तीही, वेळेसह नोंदलेली असली पाहिजे. आणि ती वाचून ज्याच्याच्याने दिवसाचे पाच चहा सुटणार नाहीत असे दिसेल त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे की बाबा रे, तू तारा लावून घे. तारांचीही निगा ठेवावी लागते, साखर त्यांनाही वर्ज्यच. पण त्या काढता येत नाहीत, त्यामुळे दाब तुटत नाही, आणि लाळेची वाट त्या अडवीत नाहीत. फिरता विक्रेता, फिरता शिक्षक, घरोघर जाणारा विमा एजंट, ज्यांचा धंदाच लोकांच्या घरचा चहा पिण्यावर चालतो, अशांना पारदर्शकतेच्या मोहात पाडून अलायनर विकणे मला अप्रामाणिक वाटते.

परंतु सगळा दोष वैद्यांच्या पदरी घालणे न्यायाचे होणार नाही. आपल्या समाजाला पदार्थ सोडण्याचे व्रत कळते. चातुर्मासात कांदा-लसूण नको म्हटले, कोणी एखादे वर्ष वांगे सोडले, कोणी गोड सोडले, तर यजमान आदराने माघार घेतो. शेजारच्या जैन कुटुंबाने सूर्यास्तानंतर काही घेत नाही म्हटले तर तेही आपण निमूटपणे मानतो, कारण त्यामागे धर्म उभा असतो. ‘मला चहा चालतो, पण आत्ता चालत नाही’ हे मात्र आपल्याला मुळीच उमगत नाही. त्यामागे आपल्याला संकोच दिसतो, राग दिसतो, नाही तर रोग दिसतो.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली तेव्हा रानडे होते, टिळक होते, आणि समोर आलेल्या पेल्याला ‘नको’ म्हणणे यजमानाचा उपमर्द होईल ही अडचण तेव्हाही असणारच. कोणी प्याला, कोणी नुसता हातात धरला; पुढे गोपाळराव जोश्यांनी नावे छापवून आणली, ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचे वादंग, माजले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते ठरली. त्या वेळी चहा पिणाऱ्याला जाब द्यावा लागला. आज तो न पिणाऱ्याला द्यावा लागतो, आणि पेला हातात धरून बसण्याची ती जुनी युक्ती मीही एकदोनदा योजून पाहिली आहे. चहावर साय धरते आणि यजमानीण म्हणते, ‘थांबा, गरम करून आणते.’

माझे अजून अकरा जोड बाकी आहेत, आणि त्यानंतरही दात जागेवर धरून ठेवणारी रात्रीची रिटेनरची पट्टी राहणारच आहे. म्हणून ज्यांच्या घरी माझ्यासारखा कोणी येईल त्यांना माझा एवढाच अर्ज आहे, की त्याने एकदा ‘नको’ म्हटल्यावर साखर, पित्त, कॉफी, ताक या क्रमाने त्याची चौकशी करू नये. पूर्वी उन्हातून आलेल्याला गूळपाणी देण्याचा शिरस्ता होता. त्यातला गूळ फडताळातच असू द्यावा, आणि पाण्याचे तांब्याभांडे तेवढे पुढे करावे.